वाचकांचे प्रश्न : लहान ब्रुअरीसाठी पैसा कोठून आणि कोणत्या अटींवर

प्रश्न : मी गेली आठ वर्षे घरी बिअर तयार करतो आहे आणि आता दोन मित्रांसह लहान ब्रुअरी सुरू करण्याचा आमचा विचार पक्का झाला आहे. लागणाऱ्या भांडवलापैकी सुमारे एक तृतीयांश रक्कम आमच्या बचतीतून उभी राहते. उरलेल्या रकमेसाठी तीन मार्ग समोर आहेत. बँक मुदत कर्ज द्यायला तयार आहे, परंतु राहते घर तारण मागते. यंत्रसामग्रीचा विक्रेता टाक्या भाडेपट्ट्याने देऊ करतो. एक परिचित व्यावसायिक उरलेली सर्व रक्कम घालायला तयार आहेत, मात्र त्यांना ४० टक्के हिस्सा हवा आहे. आम्ही कोणता मार्ग धरावा?

उत्तर : तीनपैकी एकच मार्ग निवडायचा आहे असे आपण धरून चालला आहात. तशी गरज नाही, आणि माझ्या मते तसे केल्यास नुकसानच होईल. ब्रुअरीत गुंतणारा पैसा एका जातीचा नसतो. त्याचे तीन भाग वेगळे काढून कागदावर मांडले, तर कोणत्या भागाला कोणता पैसा शोभतो हे बरेचसे आपोआप उलगडते.

पहिला भाग टाक्यांचा आणि यंत्रांचा. माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य) भिजवण्याचे आणि उकळण्याचे भांडे, फर्मेंटर (बिअर आंबवण्याची टाकी), बिअर निवळून साठवण्याची टाकी, ग्लायकोलवर चालणारी शीतकरण यंत्रणा आणि केग (बिअर भरून पाठवण्याची पिंपे) हे सर्व स्टेनलेस स्टीलचे, अनेक वर्षे टिकणारे आणि मुख्य म्हणजे उचलून दुसऱ्याला विकता येण्याजोगे असते. जुन्या टाक्यांना गिऱ्हाईक मिळते, म्हणूनच कर्ज देणारा किंवा भाडेपट्ट्याने देणारा त्यांच्याकडे तारण म्हणून पाहू शकतो. दुसरा भाग इमारतीला चिकटलेल्या कामांचा : उतार दिलेली आम्लरोधक फरशी, गटारे, वाढीव वीजजोडणी, वाफेची आणि पाण्याची नळवाहिनी, सांडपाण्यावरील प्रक्रिया. हे काम महागडे असते, त्याशिवाय ब्रुअरी चालत नाही, आणि जागा सोडताना त्यातले काहीही परत मिळत नाही. नव्या उद्योजकांच्या अंदाजपत्रकात हाच भाग सर्वांत कमी लेखलेला असतो. तिसरा भाग माल्ट, हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुले), यीस्ट, पगार, भाडे, परवान्यांचे शुल्क आणि बिअरवरचा कर यांचा, म्हणजे पहिली विक्री होऊन पैसे हातात येईपर्यंत तग धरण्याचा.

आता जुळणी पाहा. टाक्या दहा वर्षे आणि त्याहून अधिक काळ काम देणार आहेत, तेव्हा त्यांच्यासाठी पाच ते सात वर्षांचे कर्ज किंवा भाडेपट्टा योग्य आहे; ज्या वस्तूतून उत्पन्न निघते, त्याच वस्तूने स्वतःचा हप्ता फेडावा हा त्यामागचा हिशोब. इमारतीच्या कामासाठी तारण म्हणून दाखवण्यासारखे काही नसते, त्यामुळे तेथे स्वतःचे किंवा भागीदाराचे भांडवल लागते. जागामालकाला त्या खर्चातला काही वाटा उचलायला लावता आला तर तोही मोठा दिलासा ठरतो. जागेच्या कराराची मुदत कर्जाच्या मुदतीपेक्षा मोठी असलीच पाहिजे. सात वर्षांचे कर्ज आणि तीन वर्षांचा जागेचा करार अशी जोडी कोणत्याही परिस्थितीत स्वीकारू नये. तिसऱ्या भागासाठी आपली बचत राखून ठेवावी. बहुतेक जण नेमके उलटे करतात : बचतीतून चकचकीत टाक्या घेतात आणि मग माल्ट विकत घेण्यासाठी चढ्या व्याजाने पैसे उचलतात. टाकीसाठी कर्ज मिळणे तुलनेने सोपे असते, पोत्यातल्या माल्टसाठी ते अवघड असते, आणि पगारासाठी तर जवळजवळ अशक्य असते.

ही जुळणी करण्याआधी एक प्रश्न प्रामाणिकपणे सोडवावा लागेल, तो म्हणजे आपण बेतलेली ब्रुअरी कोणत्याही मार्गाने पैसा फेडू शकेल एवढी मोठी आहे का. १९७६ साली कॅलिफोर्नियातील सोनोमा येथे जॅक मॅकॉलिफ यांनी न्यू अल्बियन ही ब्रुअरी काढली. अमेरिकेतील आजच्या लहान ब्रुअरींच्या चळवळीचा आरंभ अनेक जण तेथून धरतात. दुग्धव्यवसायातील टाकाऊ भांडी जोडून त्यांनी यंत्रसामग्री स्वतः उभारली, बिअरला नाव मिळाले, मागणीही होती. परंतु एका वेळी जेमतेम पावणेदोनशे लिटर बिअर निघायची, तेवढ्या उत्पादनात नफा उरत नव्हता, आणि विस्तारासाठी कर्ज द्यायला कोणी पुढे आले नाही. १९८२ मध्ये ती बंद पडली. या हकिकतीतून एरवी बँकांच्या अनास्थेचा बोध घेतला जातो; मला त्यात आकारमानाचा धडा अधिक महत्त्वाचा वाटतो. दोनशे लिटरची बिअर शिजवायला आणि नंतर भांडी धुवायला जेवढे तास लागतात, जवळजवळ तेवढ्याच तासांत हजार लिटरची शिजते. पैसे वाचवण्यासाठी यंत्रसामग्री फार लहान घेणे ही बचत पुढे दररोज मजुरीच्या रूपाने वसूल होत राहते.

आपल्या आकारमानाची परीक्षा अशी घ्या. समजा, दहा हेक्टोलिटरचे, म्हणजे प्रत्येकी हजार लिटरचे, चार फर्मेंटर आहेत आणि एल या लवकर तयार होणाऱ्या प्रकारची बिअर भरण्यापासून टाकी धुऊन पुन्हा तयार होईपर्यंत तीन आठवडे जातात. वर्षात प्रत्येक टाकी सुमारे १७ वेळा भरते, चार टाक्या मिळून ६८० हेक्टोलिटर होतात, आणि यीस्टच्या गाळात, हॉप्समध्ये व भरताना जाणारी दहा टक्के घट वजा केल्यावर सुमारे ६१० हेक्टोलिटर उरतात. लागर प्रकारची बिअर करणार असाल तर टाकी याहून बराच अधिक काळ अडकते आणि हाच आकडा निम्म्यावरही येऊ शकतो. आता पहिल्या वर्षी क्षमतेच्या निम्मीच बिअर विकली जाईल असे धरा. तरीसुद्धा ती तीस हजार लिटरच्या वर भरते, म्हणजे अर्ध्या लिटरचे ग्लास धरले तर वर्षभर रोज सुमारे १६८ ग्लास. हे ग्लास आपल्या स्वतःच्या टॅपरूममध्ये, म्हणजे ब्रुअरीलाच जोडलेल्या पानगृहात, विकले जाणार की वितरकामार्फत इतरांच्या दुकानात, यावर पुढचे सगळे अवलंबून आहे. कारण वितरक आणि विक्रेता यांचा वाटा गेल्यावर ब्रुअरीच्या हाती किमतीचा लहानसा भागच उरतो. या निम्म्या विक्रीतून सर्व खर्च भागवून जी रोख रक्कम उरेल, ती वर्षभरातील हप्त्यांच्या निदान सव्वापट असावी. अनेक बँकाही जवळपास हाच निकष लावतात. हिशोब बसत नसेल तर कर्जाची रक्कम कमी करावी. विक्रीचा अंदाज वाढवून तो बसवण्याचा मोह टाळावा.

बँकेकडे घर तारण ठेवण्याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. आधी यंत्रसामग्रीच तारण म्हणून घेणारा, किंवा सरकारी पतहमी योजनेतून कर्ज देणारा सावकार शोधावा. अमेरिकेत लघुउद्योग प्रशासनाच्या हमीवर ब्रुअरींना कर्जे मिळत आली आहेत आणि इतर अनेक देशांतही लघुउद्योगांसाठी अशा प्रकारच्या हमी योजना असतात. मात्र त्यातही मालकाची व्यक्तिगत हमी बहुधा मागितली जातेच. ती द्यावी लागली तर तिघा भागीदारांनी ती सारखी द्यावी आणि तिची रक्कम मर्यादित करून घ्यावी. एकाचे घर पणाला आणि तिघांचा नफा समान, अशी व्यवस्था मैत्रीला फार काळ सोसत नाही. हप्ते कधी सुरू होणार हेही आधीच ठरवून घ्या. परवाना हातात येईपर्यंत बिअर विकता येत नाही, भाडे मात्र पहिल्या दिवसापासून चालू असते; म्हणून पहिले सहा ते बारा महिने केवळ व्याज भरण्याची सवलत मागणे यात संकोच वाटण्यासारखे काही नाही.

भाडेपट्ट्याचा करार वाचताना शेवटचे पान आधी वाचा. मुदत संपल्यावर टाकी कोणाची होणार, ती विकत घ्यायची असल्यास किंमत आजच ठरलेली आहे की त्या वेळी ठरणार, मुदतीपूर्वी फेडल्यास दंड आहे का, आणि टाक्या उशिरा पोहोचल्या तरी भाडे सुरू होते का, या चार बाबी तेथे सापडतात. विक्रेता स्वतःच भाडेपट्टा देत असेल तर त्याच टाक्यांची रोख किंमत स्वतंत्रपणे मागून घ्या, म्हणजे त्यात व्याज किती दडले आहे ते कळेल.

राहिले ४० टक्क्यांचे भागीदार. व्यवसाय सुरू होण्याआधी दिलेला हिस्सा हा सर्वांत महाग पैसा असतो, कारण त्या वेळी कंपनीचे मूल्य सर्वांत कमी असते. अमेरिकेतील सिएरा नेव्हाडा या ब्रुअरीचे केन ग्रॉसमन आणि पॉल कमुसी यांनी १९७९ मध्ये कुटुंबीय व मित्रांकडून सुमारे ५० हजार डॉलर उसने घेऊन ब्रुअरी उभारायला घेतली. पुढे दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या तेव्हा १९९८ मध्ये ग्रॉसमन यांना कमुसी यांचा हिस्सा विकत घ्यावा लागला, आणि तोवर त्या हिश्शाची किंमत आरंभीच्या रकमेशी तुलनाच होऊ नये एवढी झाली होती. म्हणून आपल्या परिचितांना असे सुचवून पाहा : त्यांच्या रकमेचा मोठा भाग कर्ज म्हणून घ्यावा, त्यावर बँकेपेक्षा अधिक व्याज द्यावे, त्याची परतफेड बँकेच्या हप्त्यांनंतर व्हावी, आणि जोडीला १० ते १५ टक्के हिस्सा द्यावा. बँक अशा दुय्यम कर्जाकडे बहुधा मालकाच्या भांडवलासारखेच पाहते, त्यामुळे मुख्य कर्ज मिळणेही सोपे होते. कोणताही हिस्सा देताना तो परत विकत घेण्याचे सूत्र, मतभेद झाल्यास निर्णय कोणाचा आणि एखादा भागीदार काम सोडून गेल्यास त्याच्या हिश्शाचे काय होणार हे लेखी असावे. आपल्या दोन मित्रांनाही हे नियम तितकेच लागू आहेत.

आपण विचारला नाही असा एक मार्गही सांगतो, कारण तो कर्जाची गरजच पुढे ढकलतो. दुसऱ्याच्या ब्रुअरीत, तिच्या रिकाम्या टाक्यांत, आपल्या कृतीने बिअर करून घेणे. अमेरिकेतील बॉस्टन बिअर कंपनीची सुरुवात अशीच झाली. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन ब्रुअरीने १९८८ मध्ये बिअर बाजारात आणली ती यूटिका येथील जुन्या ब्रुअरीत करवून, आणि स्वतःची ब्रुअरी ब्रुकलिनमध्ये सुरू केली ती १९९६ मध्ये. कोपनहेगनच्या मिकेलरने तर २००६ पासून दीर्घकाळ स्वतःची ब्रुअरी नसतानाच जगभर नाव मिळवले. यात दर लिटरमागे नफा कमी असतो आणि टाकीच्या वेळापत्रकावर आपला ताबा नसतो. तरीही दोन वर्षांची खरी विक्री वहीत नोंदलेली घेऊन बँकेत जाणे आणि केवळ अंदाज घेऊन जाणे यांत जो फरक आहे, तो व्याजदरात आणि तारणाच्या मागणीत स्पष्ट दिसतो.

प्रश्न : आमची ब्रुअरी तीन वर्षे चालू आहे. मागणी वाढते आहे, ताळेबंदात नफाही दिसतो, तरी महिन्याच्या अखेरीस पगारासाठी रोख रक्कम नसते. एका वित्तसंस्थेने दोन दिवसांत रक्कम देऊ केली आहे. परतफेड रोजच्या विक्रीतून ठरावीक टक्केवारी कापून व्हायची आहे आणि शंभराला एकूण ११८ परत द्यायचे आहेत. अठरा टक्के फार वाटत नाहीत. घ्यावे का?

उत्तर : कृपया सही करण्याआधी थांबा. ते अठरा टक्के वर्षाचे नाहीत. आपल्या विक्रीच्या गतीने ही रक्कम सहा महिन्यांत फिटणार असेल, तर पहिल्या दिवसापासून कपात होत असल्यामुळे सरासरीने आपल्या हाती शंभरऐवजी पन्नासच रुपये राहतात. पन्नासावर सहा महिन्यांना अठरा, म्हणजे वर्षाला सत्तर टक्क्यांच्या घरातील व्याज झाले. विक्री जितकी चांगली, तितकी परतफेड लवकर आणि तितका हा दर आणखी वर जातो. एकदा घेतलेली अशी रक्कम फेडताना पुढच्या महिन्याची रोख कमी पडते आणि दुसरी रक्कम घ्यावी लागते, हा यातला खरा धोका आहे.

आपली अडचण नफ्याची नसून पैसा अडकून राहण्याची आहे, आणि तो नेमका कोठे अडकतो हे शोधल्यास कर्जाची गरज बरीच कमी होईल. माल्टचे पैसे आज दिले, बिअर तयार व्हायला तीन आठवडे गेले, ती शीतगृहात दोन आठवडे राहिली, वितरकाने पैसे पंचेचाळीस दिवसांनी दिले, तर आजचा पैसा परत यायला जवळजवळ ऐंशी दिवस लागतात. त्यात अनेक ठिकाणी उत्पादन शुल्क बिअर ब्रुअरीबाहेर पडताच देय होते, म्हणजे गिऱ्हाइकाने अजून न दिलेल्या पैशांवरचा कर आपण आधी भरतो. विक्री वाढली की या प्रत्येक टप्प्यावर अडकणारी रक्कमही वाढते. म्हणूनच वाढत्या ब्रुअरीला रोख कमी पडते. यात आपला काही गलथानपणा आहे असे मानून घेऊ नका.

प्रथम केग मोजा. दर आठवड्याला शंभर केग बाहेर जात असतील आणि एक केग रिकामा होऊन परत यायला सहा आठवडे लागत असतील, तर सहाशे केग सतत बाहेरच असतात, शिवाय भरण्यासाठी हाताशी हवेत ते वेगळे. ते भाड्याने घेतले आणि अनामत रकमेची पद्धत काटेकोर पाळली, तर मोठे भांडवल मोकळे होते. हॉप्सचे करार तपासा. अनेक लहान ब्रुअऱ्या टंचाईच्या भीतीने दोन-तीन वर्षे पुढचे करार करून बसतात आणि मग बिअरची चव बदलली तरी ठरलेल्या जातीचे हॉप्स घ्यावेच लागतात. नेहमी लागणाऱ्या जातींपुरताच, आणि अपेक्षित वापराच्या साधारण दोन तृतीयांशापर्यंत करार असावा असे मला वाटते. वितरकाने लवकर पैसे दिल्यास त्याला अल्पशी सूट द्या. दोन टक्के सूट देऊन तीस दिवस आधी मिळालेला पैसाही स्वस्त नसतो, परंतु आपल्यापुढे आलेल्या प्रस्तावाच्या मानाने तो फारच परवडतो. एवढे करूनही जी तूट उरेल तिच्यासाठी बँकेकडून खेळत्या भांडवलाची रोखपत मर्यादा (ठरलेल्या रकमेपर्यंत लागतील तसे पैसे उचलण्याची सोय) मागा, किंवा वितरकांच्या बिलांवर उचल घ्या. रोखपतीची मागणी अडचण आल्यावर करू नये. ज्या तिमाहीत खात्यात पैसे आहेत त्याच तिमाहीत करावी, कारण बँक तेव्हाच ती आनंदाने देते.

प्रश्न : टॅपरूममध्ये नेहमी येणारे गिऱ्हाईक आम्हाला म्हणतात की, आम्हालाच शेअर विका. लोकांकडून लहान लहान रकमा गोळा करणे ब्रुअरीसाठी खरोखर चांगले असते का?

उत्तर : बिअर हा असा व्यवसाय आहे की ज्यात गिऱ्हाइकाला मालक झाल्याचा मनापासून आनंद होतो, आणि तो मालक झाला की चार जणांना बरोबर घेऊन येतो. १९९५ मध्ये बॉस्टन बिअरने शेअर बाजारात उतरताना बिअरच्या खोक्यांवर कूपन छापून गिऱ्हाइकांना प्रत्येकी ३३ शेअर १५ डॉलर दराने देऊ केले. बाजारातील मोठ्या गुंतवणूकदारांसाठी तोच दर २० डॉलर होता. सामान्य माणसाला बड्यांपेक्षा चांगला दर मिळाल्याचे असे उदाहरण क्वचितच सापडते.

दुसरी बाजूही तितक्याच गांभीर्याने पाहा. स्कॉटलंडच्या ब्रूडॉगने अनेक फेऱ्यांत हजारो बिअरप्रेमींना शेअर विकले. २०१७ मध्ये टीएसजी या गुंतवणूकसंस्थेने सुमारे २२ टक्के हिस्सा घेतला तो विशेष हक्क असलेल्या शेअरांच्या रूपाने; त्यांवर वार्षिक १८ टक्के चक्रवाढ परतावा ठरला होता आणि कंपनी विकली गेल्यास तो सामान्य भागधारकांच्या आधी फेडायचा होता. अठरा टक्के चक्रवाढीने रक्कम चार वर्षांच्या थोड्या वर काळात दुप्पट होते, म्हणजे मागे रांगेत उभ्या असलेल्या लहान भागधारकासाठी उरणारे दरवर्षी आटत जाते. आपले गिऱ्हाईक प्रेमापोटी पैसे घालतात, करारातील रांग तपासून घालत नाहीत. म्हणून ती जबाबदारी आपली आहे. पुढे मोठा गुंतवणूकदार आला तर त्यांचे स्थान काय राहील हे साध्या भाषेत आधी लिहून द्या, आणि लिहून देता येत नसेल तर शेअर विकू नका.

लहान ब्रुअरीला याहून हलका मार्ग पुष्कळदा पुरतो. वार्षिक सभासदत्व विकून, सभासदाला स्वतःचा ग्लास, सवलत आणि नव्या बिअरचा पहिला मान देता येतो. येथे हिस्सा जात नाही. परंतु तो पैसा मिळकत म्हणून लगेच खर्च करू नये, कारण वर्षभर बिअर देण्याचे ते देणे आहे. महिन्याला बारावा भाग याप्रमाणेच तो आपला समजावा. सर्वांना समान मत देणारी सहकारी ब्रुअरी हाही एक टिकाऊ मार्ग असून टेक्सासमधील ऑस्टिन येथील ब्लॅक स्टार त्याच पद्धतीने उभी राहिली. निर्णयाला लागणारा वेळ मात्र सोसण्याची तयारी हवी.

प्रश्न : कॅन भरण्याचे यंत्र कर्ज काढून घ्यावे का? टाक्या पुरत नाहीत अशी तक्रार आमचा ब्रुअर करतो, आणि विक्री विभाग कॅन मागतो.

उत्तर : ब्रुअरचे आधी ऐका. टाकी दिवसरात्र कामात असते. लहान ब्रुअरीतील कॅनचे यंत्र आठवड्यातून एखादाच दिवस चालते आणि उरलेले दिवस नुसता हप्ता मागते. यंत्र घेऊन येणारी फिरती भरणसेवा मिळत असेल तर एक वर्ष तिच्याकडून काम करून घ्या आणि दर कॅनमागचा खर्च नोंदवत जा. वर्षभराचे भरणाचे बिल जेव्हा यंत्राचा वार्षिक हप्ता, ते चालवणाऱ्या माणसाचा पगार, दुरुस्ती आणि भरताना वाया जाणारी बिअर यांच्या बेरजेपेक्षा अधिक होईल, तेव्हा कर्जाचा अर्ज करा आणि त्या अर्जाला हीच वही जोडा.